तिसरी वाटी

धामणझिरीच्या शाळेत मी तेवीस वर्षांनी पाऊल ठेवलं, तेव्हा माझ्या हातात दीड किलोची एक पेटी होती आणि डोक्यात भरपूर हवा. पेटीत ‘बहुरूपी’ होती. दहा वर्षं खपून मी आणि माझ्या सहा सहकाऱ्यांनी तयार केलेली माती. राज्यातल्या अकरा हजार प्राथमिक शाळांना ती द्यायची की नाही, हे दुसऱ्या दिवशी ठरणार होतं. शेवटची चाचणी कुठल्या शाळेत घ्यायची ते पाहणी समितीने माझ्यावर सोपवलं होतं, आणि मी छाती फुगवून माझ्याच शाळेचं नाव दिलं होतं.

समितीच्या ठरावात दोन परिच्छेद होते, फक्त सही बाकी होती. पहिला : बहुरूपी मंजूर. दुसरा : मंजुरी मिळताच शाळांमधलं जुनं प्रयोगसाहित्य गोळा करून भंगारात द्यावं. हा दुसरा परिच्छेद मी वाचला होता. त्याचा विचार केला नव्हता, एवढंच.

तायडेबाई व्हरांड्यात करवंट्या घासत बसल्या होत्या. मी तिसरी-चौथीत असताना त्याच बाई होत्या, आताही त्याच. फक्त वेणीचा अंबाडा झाला होता.

“आली का केतके? लय वाळली वं. तिकडं जेवाले देत नाईत का तुले?”

“देतात बाई. ह्या करवंट्या कशाला?”

“चौथीले उद्या आवाज शिकवाचा हाय. करवंटी, दोरा, काडी. तू नव्हतं का केलं?”

केलं होतं. त्यांच्या मागे ते हिरवं कपाटही तसंच उभं होतं. त्याचं दार पूर्वीसारखंच सुतळीने बांधलेलं. आत औषधाच्या रिकाम्या बाटल्या, सलाईनच्या नळ्या, फुटक्या स्पीकरमधली लोहचुंबकं, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, एक तराजू आणि देव जाणे काय काय. तीस वर्षांत बाईंनी अख्ख्या तालुक्याचा कचरा विज्ञानाच्या नावाखाली जमवला होता. उद्या माझी माती पास झाली, की हे सगळं ट्रॅक्टरमध्ये जाणार होतं, आणि हे बाईंना ठाऊक होतं. ठरावाची प्रत भिंतीवर चिकटवलेली होती.

मी विषय बदलला आणि पेटी उघडली.

बहुरूपी दिसायला अगदी साधी. राखाडी रंगाचा, मळलेल्या कणकेसारखा गोळा. पण ती कणीक नव्हे, रव्याच्या दाण्याएवढे कोट्यवधी कण असतात ते. प्रत्येक कणाच्या आत एक पोकळी असते. ती हुकूम मिळाला की पुरीसारखी फुगते किंवा आकसते. वजन तेवढंच राहतं, जागा मात्र कमी-जास्त व्यापली जाते. तेवढ्या जागेतल्या पाण्यापेक्षा वस्तू जड असली तर ती बुडते, हलकी असली तर तरंगते. म्हणून ही माती हवी तेव्हा बुडते आणि हवी तेव्हा तरंगते. कणांच्या सालीवरचे हुकासारखे आकडे एकमेकांत अडकले की गोळा दगडासारखा टणक होतो, सुटले की रबरासारखा मऊ. आणखी एका धाग्यामुळे तो चुंबकाकडे ओढला जातो, वीज आणि उजेड आरपार जाऊ देतो किंवा अडवतो. ‘लोखंड’ म्हणा, ‘काच’ म्हणा, ‘लाकूड’ म्हणा, त्या-त्या वेळी कसं वागायचं याची बहात्तर वस्तूंची यादी तिच्या पोटात असते. लोखंडाइतकी जड ती होत नाही, पण लोखंडासारखी बुडते. लहान मुलांना तेवढं पुरे, असं आम्ही ठरवलं होतं.

मी म्हटलं, “लाकूड.” गोळा कडक झाला. बाईंनी बोटाने टकटक करून पाहिलं, वास घेतला, गालाला लावला. त्यांचा चेहरा असा खुलला की मला दहा वर्षांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

“बाप्पा! हे तं जादू हाय केतके.”

“आणि काही फुटत नाही, सांडत नाही, हरवत नाही. चाळीस शाळांत वर्षभर वापरली. नऊ हजार मुलं. वर्षअखेरीच्या परीक्षेत बुडणं-तरंगण्याच्या प्रश्नाला शंभर टक्के बरोबर उत्तरं.”

“शंभर?” बाईंनी गोळा खाली ठेवला. “हे चुकते का कधी?”

“एकदाही नाही.” मी अभिमानाने सांगितलं.

“मंग लेकराईनं काय कराचं?”

मला राग आला, खोटं कशाला बोला. मनात म्हटलं, म्हातारं माणूस, नव्याला नाक मुरडणारच. बाईंनी कपाटाची सुतळी सोडली आणि तीन पितळी वाट्या काढून दुसऱ्या दिवसासाठी पुसून ठेवल्या.

त्या वाट्यांबद्दल सांगायला हवं. बाईंच्या वर्गात कुठलाही प्रयोग करण्याआधी प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका मिळतो. समोर तीन वाट्या. एकीत ‘होईल’, दुसरीत ‘होणार नाही’ आणि तिसरीत ‘माहीत नाही’. आधी चिंचोका टाकायचा, मग प्रयोग. कुणाच्या चिंचोक्याला हसायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा, की ज्याने तिसऱ्या वाटीत टाकला, प्रयोग करायची पहिली पाळी त्याची. बाकीच्यांनी मागे उभं राहून टाचा उंचवायच्या.

वानखड्यांची केतकी म्हणजे चालतंबोलतं पुस्तक होती. उत्तर मला कायम यायचं. दोन वर्षांत तिसऱ्या वाटीत मी एकदाही चिंचोका टाकला नाही, आणि दोन वर्षांत माझी पहिली पाळी एकदाही आली नाही. भिंग माझ्या हातात यायचं तोवर सूर्य कौलाआड गेलेला असायचा.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता समिती आली. प्रमुख होते उपसंचालक देऊळगावकर. माणूस सभ्य, पण घड्याळाकडे सारखं लक्ष. तिसरी आणि चौथीची मिळून सत्तावीस मुलं पाण्याच्या टबाभोवती कोंडाळं करून बसली.

बहुरूपीने मैदान मारलं. लोखंड झाली, बुडाली. रबर झाली, टप्पा घेऊन उसळली. काच झाली, तिच्यातून पोरांनी एकमेकांची नाकं पाहिली. पोरं किंचाळत होती, समितीतल्या दोघांनी तर टाळ्या वाजवल्या. बाईही हसत होत्या, आणि तेच मला जास्त लागत होतं. ज्या बाईचं कपाट आज जाणार ती इतकं मनापासून कशी हसते?

“आता लाकूड,” मी म्हटलं. “टाका चिंचोके.”

सव्वीस चिंचोके पहिल्या वाटीत, म्हणजे ‘तरंगेल’मध्ये पडले. एक दुसरीत, ‘बुडेल’मध्ये. माती लाकूड झाली आणि झोकात तरंगली.

“बुडेल कुणी म्हटलं?” देऊळगावकरांनी कौतुकाने विचारलं.

एक मुलगी उठली. गुंजा मुझाल्दा, इयत्ता तिसरी. दप्तराच्या पट्ट्याला गाठ मारलेली, गुडघ्यावर खरचटलेलं. तिने खिशातून भोवरा काढला. काळपट तांबूस, हाताळून गुळगुळीत झालेला.

“माहा भोवरा टाक्यात पडला होता. वर आलाच नाई. दादानं बुडी मारून काढला.”

“हा लाकडाचाच हाय ना?” बाईंनी विचारलं.

“हाव. आज्यानं केला.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. उत्तर मला कायम यायचं, तसंच तेव्हाही आलं. मी भोवऱ्याची आर दाखवली. “ही बघ. हा लोखंडी खिळा आहे. लाकूड तरंगतं, पण खिळ्याने भोवऱ्याला खाली ओढलं. कळलं?”

देऊळगावकर म्हणाले, “वा, किती सोपं करून सांगितलंत.” आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

गुंजा आरेकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंग आर काढून पाहू.”

बाईंनी कपाटातून पक्कड आणली.

“बाई, आम्हाला अजून दोन शाळा...” देऊळगावकर म्हणाले.

“पाच मिनिटं बसा साहेब. हा घ्या तुमचा चिंचोका. टाकल्याबिगर इथं कोनाले जाता येत नाई.” त्यांनी समितीतल्या तिघांना आणि मला एकेक चिंचोका दिला. मी तो खणकन ‘तरंगेल’मध्ये टाकला. माझ्या मागोमाग साहेबांनीही.

तिसऱ्या वाटीत दोघांचे होते. त्यांची पाळी पहिली. एकाने भोवरा धरला, दुसरीने दात-ओठ खात खिळा उपटला, आणि दोघांनी मिळून भोवरा पाण्यावर अलगद सोडला.

भोवरा तळाला जाऊन टेकला. टबाच्या तळाचा आवाजसुद्धा आला.

“भोकात पाणी शिरलं असणार,” देऊळगावकर म्हणाले. आता तेही पुढे सरकले होते.

“मेन भरू!” चौथीतला एक जण ओरडला. मेणबत्ती आली, भोक मेणाने बुजवलं. पुन्हा चिंचोके, पुन्हा पाणी. भोवरा तळाला.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. “टाक्यात पडला होता ना? लाकूड पाणी पिऊन जड झालं असेल.” ही माझी शेवटची सबब होती. ती सबब आहे हे मला बोलतानाच कळत होतं.

गुंजा कुणाला न विचारता पळत सुटली. शाळेच्या कुंपणामागेच तिचं घर. परत आली ती ओटीत लाकडाचे तुकडे घेऊन, आणि मागून तिचा आजा. पायात वहाणा नाहीत, कानात बाळ्या.

“पत्र्यावर होते उन्हाळाभर,” गुंजा धापा टाकत म्हणाली. “कोरडे ठाक हायेत. हा साग. हा निंब. आन् हे पाच भोवऱ्याचे.”

तुकडे खरोखरच इतके कोरडे होते की एकमेकांवर आपटले की खणखणत होते. साग तरंगला. निंब तरंगला. मग भोवऱ्याच्या लाकडाचे पाच तुकडे, पाच मुलांच्या हातांनी, एकापाठोपाठ एक. एक बुडाला. दोन. तीन. चौथ्याला सगळा वर्ग मोजत होता. पाचवा तळाला गेला तेव्हा जो गलका झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. देऊळगावकर साहेब टबात कोपरापर्यंत हात घालून तुकडे चाचपत होते.

“अंजन हाय ते,” आजा शांतपणे म्हणाला, जणू एवढा गोंधळ कशाचा हेच त्याला कळत नव्हतं. “अंजन कुठं तरंगते? आमचे जुने लोक नदीतून लाकडं आनत, तं अंजनाले सागाच्या ओंडक्याले बांधत. नाई तं गेलं खाली.”

मी इथल्याच डोंगराच्या पायथ्याशी वाढले. आमच्या घराची चौकट अंजनाची होती. आजीचं मुसळ अंजनाचं होतं, आणि ते उचलताना माझे हात भरून यायचे. तरीही पाच वर्षांपूर्वी बहात्तर वस्तूंची यादी टाइप करताना मी ‘लाकूड – तरंगते’ असं लिहिलं होतं. पंधरा सेकंदं लागली असतील. पुस्तकात तसंच होतं आणि पुस्तक मला पाठ होतं. मग माझ्या मातीने ते नऊ हजार मुलांना शिकवलं. इमानेइतबारे, एकदाही न चुकता. त्या शंभर टक्क्यांचा तक्ता मी चकचकीत कागदावर छापून आणला होता. तो आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

देऊळगावकरांनी मला व्हरांड्यात नेलं. ओला हात रुमालाला पुसत ते हळू आवाजात म्हणाले, “वानखडे मॅडम, घाबरू नका. यादीत एक ओळ वाढवा. अंजन, बुडते. दोन मिनिटांचं काम. मी आत्ता सही करतो.”

मी टॅब्लेट उघडला. ‘अंजन’ एवढं टाइपही केलं. आतून मुलांचा आवाज येत होता. कुणीतरी विचारत होतं, “बाभूळ बुडन का?” दुसरं कुणी, “आन् बिबा?” बाभळीचं मला ठाऊक नव्हतं. बिब्याचंही नाही.

उरलेल्या एकाहत्तर ओळींत आणखी किती चुका असतील? त्या कोण शोधणार? ज्याच्या खिशात खरा भोवरा आहे तोच. खिळा उपटायला पक्कड लागते, भोक बुजवायला मेणबत्ती लागते, आणि दोन्ही त्या हिरव्या कपाटात होती. ते कपाट ट्रॅक्टरमध्ये चढवून मी नऊ हजार मुलांच्या जागी नऊ लाख मुलांना माझी चूक शंभर टक्के पाठ करून देणार होते.

“साहेब,” मी म्हटलं, “आज सही करू नका.”

“अहो, दहा वर्षांचं काम आहे तुमचं! परत समितीकडे गेलं तर दोन वर्षं हलणार नाही.”

“माहीत आहे.” सहा सहकारी फोनजवळ बसून होते. त्यांना काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं. पण वर्गात जाऊन काय करायचं ते स्पष्ट दिसत होतं.

मी टबापाशी गुंजाशेजारी बसले आणि सगळ्यांसमोर बहुरूपीची यादी पुसून टाकली. बहात्तरच्या बहात्तर ओळी. तरंगणारं ‘लाकूड’ ढिलं पडलं, राखाडी झालं आणि पाण्यात विरघळल्यासारखं पसरलं.

“मेली का?” कुणीतरी हळहळून विचारलं.

“नाही. तिला आता काहीच येत नाही. तुम्ही शिकवायचं. पहिलं काय शिकवू या?”

“अंजन!” सत्तावीस तोंडांतून एकच शब्द आला.

कपाटातला तराजू निघाला. अंजनाच्या पाच तुकड्यांचं वजन भरलं दोनशे वीस ग्रॅम. मग डबा पाण्याने काठोकाठ भरून त्यात तुकडे सोडले, आणि बाहेर सांडलेलं पाणी खालच्या परातीत धरून तोललं. दोनशे ग्रॅम. चौथीतल्या मुलांनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. तेवढ्याच जागेतलं पाणी हलकं, लाकूड जड! हे आजवर मी भाषणात शंभरदा सांगितलं असेल; परातीत वीस ग्रॅम कमी पडलेले मात्र त्या दिवशी प्रथमच पाहिले. मुलांनी आणखी दोनदा तोलून पाहिलं, कारण त्यांचा माझ्यावर आता भरवसा उरला नव्हता. ते मला फार आवडलं.

गुंजाने दोन्ही आकडे मातीला सांगितले. पसरलेले कण एकत्र आले, आकसले, कडक झाले. तिने तो तुकडा पाण्यावर सोडला, आणि बहुरूपी अंजनाशेजारी तळाला जाऊन बसली.

यादीतली पहिली ओळ अशी लिहिली गेली : ‘अंजन, धामणझिरी. तपासणारी – गुंजा मुझाल्दा, इयत्ता तिसरी.’ तिचा आजा वाचू शकत नव्हता. त्याने ती ओळ बाईंकडून दोनदा वाचून घेतली.

देऊळगावकरांनी सही केली नाही. पण जाताना त्यांनी ठरावाच्या प्रतीवर दुसऱ्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली आणि शेरा लिहिला : ‘कपाटे ठेवावीत. नसतील त्या शाळांना द्यावीत.’ गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली करून विचारलं, “बिबा तरंगतो का हो?”

“तपासून कळवतो साहेब!” बाईंच्या आधी चौथीच उत्तरली.

दोन वर्षं खरोखरच हललं नाही. माझ्या सहा सहकाऱ्यांपैकी एक सोडून गेला, दोन भांडून परत आले. मग मंजुरी मिळाली, आणि मग जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्या कल्पनेत नव्हतं. अकरा हजार शाळांना कोरी माती गेली. यादी नाही, काही नाही. मुलं गावातल्या वस्तू तोलू, भिजवू, तापवू लागली. जांभा दगड आला, गाळाची माती आली, नाचणी आली, शेवग्याचा डिंक आला. एका शाळेने लिहिलेली ओळ दुसऱ्या तीन शाळांतल्या मुलांनी तपासल्याशिवाय पक्की करायची नाही, हा नियमही एका पाचवीतल्या मुलीनेच सुचवला. वर्षभरात यादी एकसष्ट हजार ओळींची झाली. मोठमोठ्या प्रयोगशाळा ती मागून घेऊ लागल्या, आणि त्यांना प्रत्येक ओळीखाली इयत्ता तिसरी, इयत्ता चौथी अशा सह्या दिसू लागल्या.

तायडेबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी मी धामणझिरीला गेले. हार-नारळ झाला, भाषणं झाली. देऊळगावकर साहेबही आले होते, बिब्याचा विषय त्यांनी भाषणात काढलाच. गुंजा आता सहावीत, शेजारच्या गावच्या शाळेत. पण ती भोवरा घेऊन हजर होती. सगळं आटोपल्यावर बाई म्हणाल्या, “आता शेवटचा प्रयोग,” आणि आठवड्यापूर्वी वाऱ्याने मोडलेली अंजनाची हिरवी फांदी त्यांनी टेबलावर ठेवली. हातभर लांब, एक बाजू मनगटाएवढी जाड, दुसरी पानांसकट बारीक.

“बुडन का तरंगन? टाका.”

माझ्या हातात चिंचोका आला. डोक्यात लगेच चक्रं फिरू लागली. गाभा जड, पण साल हलकी. ओली आहे, पण पानांत हवा आहे. सात उत्तरं तयार झाली आणि सातही एकमेकांशी भांडू लागली. सगळे बघत होते. यादीवाल्या वानखडे मॅडम काय म्हणतात याकडे सगळ्यांचे कान होते.

मी चिंचोका तिसऱ्या वाटीत टाकला.

बाईंनी वाट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. “लय वर्षं लावली केतके तू,” त्या म्हणाल्या. “चाल, पह्यली पाळी तुही.”

छत्तिसाव्या वर्षी माझी पहिली पाळी आली. मुलं मागे सरकून टाचा उंचावून उभी राहिली. मी फांदी दोन्ही हातांनी पाण्यावर धरली आणि सोडली. जाड टोक सरसर खाली गेलं आणि तळाला टेकलं. पानांचं टोक वर पाण्याबाहेर डोकं काढून उभं राहिलं. फांदी धड बुडाली नाही, धड तरंगली नाही. टबात झाड उगवल्यासारखी डुलत राहिली.

वर्ग असा फुटला की कौलावरचे साळुंक्यांचे थवे उडाले. पहिली वाटी हरली होती, दुसरीही हरली होती.

“काहून असं झालं?” गुंजाने माझ्या कोपराला धरून विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “तराजू काढ.”